तळवली फाट्याचा वड

तळवली फाट्यावरचा वड पाडला त्या दिवशी सगळ्यांत जास्त रडला तो कमळाकर. ठाणे-बेलापूर रस्ता रुंद करायचा म्हणून झाडं जाणार असं कळलं, तेव्हा गावच्या बैठकीत "आमच्या आज्या-पंज्याचं झाड हाय, आदी आमच्या अंगावरनं बुलडोझर न्या" म्हणून छाती बडवणारा गावपुढारी हाच, आणि पाडलेल्या झाडांची लाकडं उचलायचा ठेका घेणाराही हाच. ट्रक भरेपर्यंत तो खांद्यावरच्या टॉवेलाने डोळे पुसत होता आणि मधूनच हमालांवर खेकसत होता, "ती जाड फांदी आदी घ्या रे!" गोजरा आपल्या टोपलीपाशी बसून हे सगळं बघत होती. तिला रडू आलं नाही. 

गोजराचं त्या वडाशी नातं होतं ते पोटाचं. शेत सरकारने नव्या शहरासाठी घेतलं, त्याचे पैसे नवऱ्याने गुत्त्यात घातले, आणि मग एका संध्याकाळी तो, म्हणजे शिवा, दारू पिऊन रस्ता ओलांडताना ह्याच फाट्यावर ट्रकखाली गेला. नवरा म्हणून तो कधी कामाला आला होता असं तिला काही केल्या आठवत नसे. लग्नानंतर दर वटपौर्णिमेला तिने ह्याच वडाला दोरा गुंडाळून सात जन्म तोच मागितला, कारण सगळ्याजणी मागत होत्या. आणि मागून झालं की मनातल्या मनात म्हणायची, देवा, एवढं ऐकू नको. तो गेला तेव्हा रडायचं तेवढं रडून घेऊन, बारावं झाल्यावर ती तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन वडाखाली येऊन बसली.

तुर्भ्याकडच्या कारखान्यांतली माणसं फाट्यावर उतरायची. सावली होती म्हणून टेकायची, टेकली की भूक लागायची, आणि एक भाकर खाल्ली की दुसरी मागायची. गोजराचा धंदा हा असा होता. वड गेला आणि माणसं उन्हात उभ्या उभ्या कागदात भाकर गुंडाळून चालायला लागली. सून पुतळा म्हणाली, "आय, आता घरानच बसा." गोजरा म्हणाली, "घरान बसून तुजं तोंड बगू?" दोघींचं तसं बरं चाललं होतं, बोलायची पद्धतच ती होती.

आता ह्या कथेतले साहेब. नंदकिशोर साहेब रस्त्याच्या सरकारी खात्यात झाडं बघायचे. म्हणजे तोडायची झाडं बघायचे, आणि लावायचीही तेच बघायचे. कुठलं झाड पाडायचं त्यावर चुन्याची फुली त्यांनीच मारली, आणि "एक झाड गेलं तर आम्ही पाच लावू" हे भाषणही त्यांनीच केलं. दोन्ही कामांचा त्यांना सारखाच अभिमान होता. रस्त्याच्या कडेने त्यांनी सुबाभूळ लावली, गुलमोहर लावला. ती लवकर वाढतात, असं ते म्हणायचे. गावातल्या बाप्यांनी "साहेब, फाट्यावर वडच लावा, सावलीला" म्हणून दोनदा अर्ज-विनंत्या केल्या. साहेबांनी दोन्ही वेळा मान हलवली, आणि मान हलवण्यापलीकडे काही केलं नाही.

पण फाट्याच्या समोरच खात्याच्या माणसांची नवी कॉलनी उभी राहिली होती. तिथे साहेबांच्या बायको वैजयंतीबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. वड गेल्यावर मंडळाच्या लक्षात आलं की आता वटपौर्णिमेला पूजा कुठे करायची? गावाची सावली गेली तेव्हा कोणाच्या पोटातलं पाणी हललं नव्हतं. मंडळाची पूजा अडली आणि आठ दिवसांत फाट्यावर खड्डा खणला गेला, लोखंडी पिंजरा आला, पिंजऱ्याला 'वड' अशी पत्र्याची पाटी लागली, नारळ फुटला, पेढे वाटले. रोप लावताना सगळ्याजणींनी टाळ्या वाजवल्या. गोजरालाही एक पेढा मिळाला.

मग पाणी घालायला कोणी आलं नाही. टँकर येणार होता, तो कुठेतरी येतच राहिला. पावसाने उघडीप दिली तशी रोपाने मान टाकली आणि पंधरवड्यात त्याची काटकी झाली. गोजराने ती उपटून फेकली. मूळ वड पाडला त्या दिवशी त्याची एक मनगटाएवढी फांदी तिने उचलून घरामागच्या चिखलात रोवून ठेवली होती. तिला पालवी फुटली होती. ती तिने आणून पिंजऱ्यात लावली. कमळाकरने सगळा वड ट्रकात घालून नेला, तिने एवढीच फांदी नेली होती, आणि तेवढ्यासाठीही त्याने तेव्हा तिला हटकलं होतं.

झाडाला पाणी कुठून आणायचं, ह्यावर गोजराने एक साधा नियम केला. भाकर खायची तर हात पिंजऱ्यातच धुवायचे. "ए भाऊ, रस्त्यावर नको! पिंजऱ्यान धु!" ती वसकन ओरडायची. चूळही तिथेच, तांब्या विसळलेलं पाणीही तिथेच. कारखान्यातली माणसं हसायची, पण तिच्या तोंडाला घाबरून धुवायची. सुकटीच्या चटणीचं पाणी पिऊन वड असा तरारला की बघत राहावं. उन्हाळ्यात एका सोसाट्याच्या वाऱ्यात त्याची मधली फांदी बुंध्यापाशी चिरली. गोजराने आपल्या जुन्या तांबड्या लुगड्याची पट्टी फाडून ती घट्ट बांधली, आणि महिन्याभरात चीर सांधली.

"म्हातारे, ह्याची सावली पडंस्तवर तू र्‍हाशील काय?" कमळाकर येता-जाता खिजवायचा.

"मी नाय र्‍हायले तं पुतला बसंल," गोजरा म्हणायची. "तुज्यासारका ट्रकान घालून नाय नेनार कोन."

नंदकिशोर साहेबांना वड जगल्याचं कळलं ते वरचे साहेब पाहणीला आले तेव्हा. मोटार थांबवून त्यांनी पिंजऱ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हा बघा सर, आपला वड." आपला! गोजराने भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला म्हणून ती गप्प बसली. नाहीतर त्या दिवशी वरच्या साहेबांना आगरी बोलीतले काही खास शब्द शिकायला मिळाले असते.

मग वटपौर्णिमा आली.

सकाळीच कॉलनीतून बायका निघाल्या. नऊवारी, शालू, नथी, गजरे, हातांत ताटं, ताटांत आंबे आणि फणसाचे गरे. सगळ्यांच्या पुढे वैजयंतीबाई. वड आता बाईमाणसाच्या डोक्याइतका उंच झाला होता. तो बघून त्यांना खरंच आनंद झाला. "बघा, आपण लावलेला!" त्या मागच्या बायकांना म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष पिंजऱ्याला टेकून बसलेल्या गोजराकडे गेलं, तिच्या मोकळ्या कपाळाकडे गेलं, आणि त्या थोड्या घुटमळल्या.

"मावशी, जरा बाजूला बसता का?" अगदी गोड आवाजात त्या म्हणाल्या. "राग नका मानू हं. सवाष्णींची पूजा आहे ना. अर्ध्या तासाचा तर प्रश्न."

गोजराला राग यायचा तो आला. पण तिच्या मनात तेव्हा स्वतःपेक्षा झाडाची काळजी होती. "बाय, झाड ल्हान हाय," ती म्हणाली. "दोरा सैल गुंडाला. न् फांदी तोडू नका."

"अहो मावशी, आम्ही पूजेला आलोय. तोडायला कशाला येऊ?"

गोजरा टोपली उचलून रस्त्यापलीकडे गेली आणि खडीच्या ढिगावर उन्हात बसली. मधून ट्रक जात होते. ट्रक आडवा आला की काही दिसायचं नाही, आणि तो गेला की झाड आणखी थोडं कमी झालेलं दिसायचं. जुन्या वडाला दोनशे बायकांनी दोरा गुंडाळला तरी त्याला खबर नसायची. त्या सवयीने ह्या पोराला एकेकीने सात-सात वेढे घातले, तेही ओढून, कारण दोरा सैल राहिला तर नवरा सैल राहील अशी कोणाची तरी समजूत होती. पिंजऱ्याचं दार फेरे घालायला आड येतं म्हणून कोणीतरी ते काढून ठेवलं. मग एकीला आठवलं की शेजारच्या वहिनी तापाने पडून आहेत, त्यांच्यासाठी घरी एक फांदी न्यायला हवी. दुसरीच्या सासूबाईंचे गुडघे दुखत होते. तिसरीची बहीण ठाण्याहून येणार होती. गोजरा खडीवरून उठून ओरडली, पण ट्रकच्या भोंग्यांत तिचं ओरडणं कोणाला ऐकू गेलं नाही, आणि ऐकू गेलं असतं तरी सवाष्णींच्या पूजेत त्या दिवशी तिला कोणी जाऊ दिलं नसतं.

झाड कोणीच मोडलं नाही. प्रत्येकीने फक्त एकच फांदी घेतली.

बायका गेल्यावर गोजरा पलीकडे आली. पिंजऱ्यात एक सोललेली काठी उभी होती, तिला पांढऱ्या दोऱ्याचा जाडजूड गुंडा, खाली हळदकुंकवाचा चिखल आणि त्यात अर्धे आंबे. चिरलेल्या जागेवरची मधली फांदी तिच्या लुगड्याच्या पट्टीसकट गेली होती. गोजरा तिथेच बसली आणि रडली. शिवा गेला तेव्हापेक्षा जास्त रडली, आणि ह्याची तिला काडीची लाज वाटली नाही.

दोन दिवसांनी नंदकिशोर साहेब दोन माणसं घेऊन आले. काठीभोवती फिरून त्यांनी तपास केला आणि निदानही केलं. "शेळ्या! गावच्या मोकाट शेळ्या. किती वेळा सांगितलं ह्या लोकांना." मग त्यांची नजर टोपलीकडे गेली. "तुमची शेळी आहे ना बाई?"

"हाय. घरान बांधलेली हाय."

"तुम्ही इथं बसता म्हणून जनावरं इथं येतात. खाण्याचा कचरा पडतो. उद्यापासून इथं बसायचं नाही. नाहीतर माणसं पाठवून सामान उचलावं लागेल."

"साहेब, शेली नाय वो, तुमच्याच कॉलनीतल्या बाया..."

"पुरे. बायका झाडाची पूजा करतात, खात नाहीत."

कमळाकर शेजारी उभाच होता. "बराबर हाय साहेब," तो म्हणाला. त्याच्या पुतण्याला फाट्यावर पानाची टपरी टाकायची होती, हे गावात आंधळ्यालाही ठाऊक होतं.

गोजराच्या पायाखालची जमीन सरकली. शेत गेलं, वड गेला, आता बसायचा चौरंगाएवढा तुकडा राहिला होता तोही जात होता. रात्रीपर्यंत रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. संध्याकाळीच ती कॉलनीत गेली, दोन जिने चढली आणि साहेबांचं दार वाजवलं. दार वैजयंतीबाईंनी उघडलं. आत साहेब बनियनवर बसून चहात बिस्कीट बुडवत होते.

"काय आहे? बेलापूरला ऑफिसात या," साहेब तिकडूनच म्हणाले.

गोजरा हात जोडूनच आली होती. पाया पडायचीही तिची तयारी होती. पण तिची नजर देव्हाऱ्याकडे गेली. देव्हाऱ्याशेजारी पाटावर तांब्याचा कलश होता आणि कलशात वडाची फांदी. पानं मलूल झालेली, दोरा लोंबणारा, आणि देठापाशी तांबड्या लुगड्याची पट्टी, तिची स्वतःची गाठ मारलेली. जोडलेले हात तिने सोडले.

"साहेब, मी अडानी बाई," ती म्हणाली. "मना एवडंच सांगा. माजी शेली दोन जिने चढून तुमच्या देवापाशी कशी आली?"

बिस्कीट चहात पडलं. साहेबांनी फांदीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि सरकारी माणूस अडचणीत बोलतो तसं बोलले. "ती... ती बाजारातली आहे. दादरहून आणलेली."

वैजयंतीबाई पडद्याची कड हातात धरून उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता. निदान ही बाई खोटं तरी बोलली नाही, एवढं गोजराने मनात मान्य केलं. मग ती चपला न काढता आत गेली, कलशाशी वाकली आणि पट्टीची गाठ सोडायला लागली.

"फांदी र्‍हावदे तुमाला," ती म्हणाली. "लुगडं माजं हाय, तेवडं नेते."

ती दारापर्यंत आली तेव्हा साहेबांनी घसा खाकरला. "बसा तुम्ही तिथं. मी बघतो. आणि नवा वड लावून देऊ आपण. पण शेळी मात्र आणू नका हं!" अजून शेळीच! गोजराला त्यांची कीव आली, आणि कीव करण्याइतकीही त्यांची लायकी नाही असंही वाटलं.

जिना उतरताना तिने विचार केला. वडाची आणखी एक फांदी आणून लावणं तिला जड नव्हतं. कॉलनीत घरोघरच्या कलशांत पडलेल्या फांद्यांतली एखादी उचलली असती तरी चाललं असतं. पण पुढच्या वर्षी ह्या पुन्हा ताटं घेऊन येणार, पुन्हा तिला पलीकडे बसवणार, पुन्हा एकेक फांदी नेणार. घरी आल्यावर ती पुतळाला म्हणाली, "देवाचं झाड ह्या बाया खातान. भुताचंच लावलं पायजे."

दुसऱ्या दिवशी तिने काठी उपटली आणि पिंजऱ्यात चिंचोके पेरले. लुगड्याची तांबडी पट्टी पिंजऱ्याला बांधली, खाली लिंबू-मिरची ठेवली. मग कमळाकर आला तेव्हा इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "कमलाकर, कुनाला सांगू नको. आमचा मालक हितंच गेला ना ट्रकखाली? त्यो परत आलाय. काल सपनात म्हनाला, चिंच लाव, मी हितंच बसनार. जो झाडाला हात लावंल त्याच्या घरान येऊन बसंन." कमळाकर हसला. पण हसताना दोन पावलं मागे सरला, आणि संध्याकाळच्या आत गावभर झालं. दोन दिवसांत तुर्भ्याच्या ट्रक थांब्यावरही झालं. पानाच्या टपरीचं नाव पुतण्याने पुन्हा काढलं नाही.

चिंच वाढली. पिंजऱ्यावर पाटी वडाचीच राहिली, आणि खात्याच्या लेखी फाट्याचा वड उत्तम स्थितीत जगला. त्या कर्तबगारीवर साहेब एक पायरी वर चढले. शेळ्या फिरकेनात, कारण शेळ्या राखणारी पोरं फिरकेनात. ज्या ड्रायव्हरांना कुठेही गाडी उभी करून झाडाशी आडोसा करायची सवय, ते आता लांबून हात जोडायला लागले. एकाने तर मालकासाठी बुंध्याशी दारूची बाटली ठेवली. अंधार पडल्यावर ती कमळाकरने नेली; भूत काय करील ते करो, फुकटची दारू सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब झाले आणि मालकाचा दरारा आणखी वाढला.

काही वर्षांनी चिंचेची सावली एका टोपलीपुरती आणि दोन माणसांपुरती पडायला लागली. माणसं पुन्हा टेकायला लागली, दुसरी भाकर मागायला लागली. हात अजून पिंजऱ्यातच धुवायचे, हा नियम कायम होता.

त्या वर्षी वटपौर्णिमेला वैजयंतीबाई तीन-चार बायका घेऊन पुन्हा आल्या. कॉलनीत बादलीत फांदी रोवून पूजा करायचा त्यांना कंटाळा आला होता. बरोबर एक विकत आणलेली वडाची फांदी होती. चिंचेकडे त्यांनी थोडं बिचकत पाहिलं, मग गोजराकडे पाहिलं.

"मावशी, ओळखलंत ना?" त्या म्हणाल्या. "इथं कडेला ही फांदी रोवू का? पूजेपुरती. जागा पूर्वीपासूनची आहे ना. तुम्ही जरा..."

वाक्य तिथेच सोडून त्या हातातलं ताट ठेवायला पुढे वाकल्या. गोजरा बसल्या जागेवरून हलली नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शेजारच्या मोकळ्या सावलीवर हात आडवा धरला.

"बाय, जरा बाजूला र्‍हा," ती म्हणाली, अगदी गोड आवाजात. "राग नको मानू हां. मालक बसलेत."

वैजयंतीबाईंचा हात तसाच थांबला. मागच्या बायका कधीच रस्त्याच्या कडेला गेल्या होत्या. वैजयंतीबाईंनी ताट उचललं, त्या मोकळ्या सावलीला उगाच एक अर्धवट नमस्कार केला, आणि पलीकडे खडीपाशी उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.

गोजराने टोपलीवरचा फडका काढला, पहिली भाकर मोडली आणि अर्धी शेजारच्या सावलीत ठेवली. सात जन्मांचं काय ते देव जाणे. ह्या जन्मात मात्र शिवा पहिल्यांदाच कामाला आला होता.